मिसूरीची मोटरबोट

कोजागिरीचं दूध अजून आटत होतं, तेवढ्यात त्र्यंबकराव बेहेऱ्यांनी जाहीर करून टाकलं की इथली थंडी सोसत नाही, म्हणून आपण मिडवेस्टला राहायला जाणार आहोत.

दिगंबरकाकांच्या तळघरात सिरॅक्यूजमधली सगळी मराठी कुटुंबं जमली होती. सगळी म्हणजे बेहेरे धरून बारा. अमेरिकेत कोजागिरी पौर्णिमेला येत नाही, जवळच्या शनिवारी येते. चंद्र बघायला मागच्या अंगणात जायचं ठरलं होतं, पण ऑक्टोबरातच वारा असा सुटला होता की मंडळींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंद्राला नमस्कार केला आणि जिना उतरून खाली येऊन बसली. दूध कोपऱ्यातल्या शेगडीवर होतं. त्र्यंबकरावांचं बोलणं ऐकून शैलेंद्र हसला.

शैलेंद्र कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. हसायला लागला की शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारायची त्याला सवय होती, आणि शेजारी त्र्यंबकरावच होते.

"त्र्यंबकराव, थंडीला कंटाळलेला माणूस फ्लोरिडाला जातो. कॅलिफोर्नियाला जातो. माझे अर्धे क्लासमेट्स सांता क्लाराला आहेत, अंगणात लिंबं लागतात त्यांच्या. मिडवेस्टला कोण जातं, यार? फ्रिजमधून उठून फ्रीझरमध्ये?"

"मिडवेस्ट म्हणजे सगळं मिनेसोटा नव्हे," त्र्यंबकराव चष्मा पुसत म्हणाले. "मिसूरीचा दक्षिण भाग. ओझार्कचे डोंगर. इथे वर्षाला दहा फूट बर्फ पडतो, तिथे दीड फूटसुद्धा नाही. मी लायब्ररीत बघितलंय. शिवाय तळी आहेत, जंगलातल्या पायवाटा आहेत. माणसाला घराबाहेर पडता येतं."

"तुम्ही? घराबाहेर?" शैलेंद्रनं विचारलं, आणि सगळं तळघर हसलं.

यात शैलेंद्रचं काही चुकलं नव्हतं. त्र्यंबकराव घराबाहेर पडायचे ते लायब्ररीत जाण्यासाठी, आणि लायब्ररीतून घरी यायचे ते पुस्तक वाचण्यासाठी. पण गेल्या जानेवारीत ते स्वतःच्याच दारात बर्फावरून घसरले होते. दीड महिना हात गळ्यात होता, आणि त्या दीड महिन्यात त्यांना एका जागी बसवेना झालं. ते खिडकीपाशी जात, बाहेरचा पांढरा रस्ता बघत, परत येत, नकाशाचं जाडजूड पुस्तक उघडत, मिटत, पुन्हा खिडकीपाशी जात. शरयूबाई म्हणत, "अहो, बसा हो घटकाभर. गालिचा झिजतोय."

खरी गोष्ट अशी होती की अजून काहीच पक्कं नव्हतं. त्यांची कंपनी पंप बनवायची आणि मिसूरीत नवा कारखाना काढणार होती. साहेब हॅलोरन त्यांना 'ट्रिम' म्हणत. ते म्हणाले होते, "ट्रिम, तुझं नाव सुचवलंय. नोव्हेंबरात कळेल." शहाण्या माणसानं नोव्हेंबरापर्यंत तोंड मिटून बसायला हवं होतं. त्र्यंबकरावांनी आयुष्यभर तेच केलं होतं. पण त्या संध्याकाळी शैलेंद्रनं त्यांच्या चष्म्याचा विषय काढला. "चार वर्षं झाली, नवी फ्रेम घ्यायची की नाही यावर त्र्यंबकरावांचं अजून तळ्यात-मळ्यात चाललंय," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. तेव्हा त्र्यंबकरावांच्या आतून कुणीतरी दुसराच माणूस बोलून गेला.

शरयूबाई दुधात केशर घालत होत्या. ते जरा जास्तच पडलं.

"जाणारच ना नक्की?" सुमित्राकाकूंनी विचारलं. त्या दिगंबरकाकांच्या पत्नी आणि बायकांत सगळ्यांत वडील, त्यामुळे रीतभात त्यांच्याकडे होती. "मग निरोपाचं पहिलं जेवण माझ्याकडे."

इथून पुढचं त्र्यंबकरावांच्या हातात राहिलं नाही. एका घरानं जेवायला बोलावलं की बाकीच्या दहा घरांना बोलवावंच लागतं. सुमित्राकाकूंनी पुरणपोळी केली म्हटल्यावर दुसऱ्या घराला पुरणपोळी आणि मसालेभात करणं भाग, तिसऱ्याला त्यावर अळूवडी, आणि सिरॅक्यूजमध्ये अळू मिळत नाही म्हणून तिसरं घर न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या देशी दुकानांपर्यंत गाडी हाकून आलं. प्रत्येक घरी शरयूबाईंची ओटी भरली जाई. तांदूळ, ब्लाउजपीस, नारळ. नारळ ठेवायला जागा पुरेना, तेव्हा त्र्यंबकरावांनी पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला.

आणि त्या जेवणांत एक नवल घडलं. त्र्यंबकराव बोलू लागले.

इतकी वर्षं ते पंगतीच्या टोकाला बसून लिंबू पिळत आले होते. आता सगळे त्यांच्याकडे बघत, "मग काय, तिथे हवा कशी?" असं विचारत. त्र्यंबकराव सांगत. पहिल्या घरी ते भीतभीत म्हणाले की जानेवारीत तिथे स्वेटरवर भागत असावं. चौथ्या घरी स्वेटर गेला. आठव्या घरी माणसं जानेवारीत शर्टावर तळ्याकाठी फिरू लागली, आणि दहाव्या घरी, म्हणजे शैलेंद्रच्या घरी, त्र्यंबकरावांनी धुकं विरघळल्यावर तळ्यातून मासा कसा उडी मारतो ते हातानं करून दाखवलं. शैलेंद्रची बायको विनीता वाढायची थांबली. शैलेंद्र हसला, पण थाप मारायला विसरला.

रात्री अंथरुणावर पडलं की त्र्यंबकराव स्वतःशी कबूल करायचे. हे सगळं आपण पाहिलेलं नाही, वाचलेलं आहे. आणि वाचलेल्यातही मासा नव्हता. पण दिवस उजाडला की पायाला पुन्हा भिंगरी लागे. उन्हाळी सामानाच्या सेलमध्ये त्यांनी एक कनू घेतली. कनू म्हणजे लांबट, निमुळती होडी, वल्ह्यानं चालवायची. त्र्यंबकरावांना पोहता येत नव्हतं. होडी हिरवी होती आणि गॅरेजमध्ये मावत नव्हती, तिचं नाक बाहेर राहायचं.

मग त्यांनी देणग्या सुरू केल्या. बर्फ उडवायचं मशीन, म्हणजे स्नोब्लोअर, शैलेंद्रला दिलं. फावडं दिगंबरकाकांना. बर्फातले टायर, गुडघ्यापर्यंतचे बूट, रस्त्यावर टाकायच्या मिठाची पोती, सगळं वाटून टाकलं. "घेऊन जा हो. मिसूरीत काय करायचंय?"

"तुमच्या घरमालकीणबाई म्हाताऱ्या आहेत ना?" शैलेंद्र मशीन गाडीत चढवताना म्हणाला. "तुम्ही गेलात की त्यांचा ड्राइव्हवे मी साफ करून देत जाईन. एवढं मशीन दिलंत, तेवढं तर करायलाच हवं."

"छे छे, कशाला," त्र्यंबकराव म्हणाले, आणि विसरून गेले.

कंपनीकडून अजून काही कळलं नव्हतं, तरी निघायचा दिवस नोव्हेंबरातला एक शनिवार ठरला. गुरुवारी हॅलोरनसाहेबांनी त्यांना बोलावलं. मिसूरीतल्या जागेखाली म्हणे गुहा निघाल्या होत्या. कारखाना लांबणीवर पडला होता. पुढच्या वर्षी, कदाचित त्याच्या पुढच्या. "सॉरी, ट्रिम. तुझं टेबल तुझंच आहे."

घरी येऊन त्र्यंबकरावांनी शरयूबाईंना सांगितलं. शरयूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मग सांगून टाका सगळ्यांना. फोन करा आत्ताच."

"आत्ता नको. शनिवारी सगळे भेटणारच आहेत. तोंडानं सांगतो."

"अहो, अकरा घरची जेवणं झालीत. ओट्या भरून झाल्यात."

"म्हणूनच तोंडानं."

शनिवारी सकाळी दिगंबरकाकांच्या दारात सगळे जमले. कनू गाडीच्या टपावर बांधलेली होती, कारण ती कुठे दुसरीकडे मावत नव्हती, आणि तिच्यामुळे त्र्यंबकराव अगदी जाणाऱ्या माणसासारखे दिसत होते. त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात सुमित्राकाकूंनी त्यांच्या तळहातावर दही ठेवलं. दही हातावर असताना माणसाला काही बोलता येत नाही. ते खाऊन होईपर्यंत दिगंबरकाकांचं भाषण सुरू झालं. भाषणात ते म्हणाले की आपण सगळे इथे पंधरा-पंधरा वर्षं नुसते कुरकुरत राहिलो, उठून चालायला लागला तो एक त्र्यंबक. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आणि शैलेंद्रनं पुढे येऊन चक्क मिठी मारली.

"मानलं तुम्हाला, त्र्यंबकराव. मी हसलो होतो. पण तुम्ही करून दाखवलंत."

असं त्र्यंबकरावांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी शरयूबाईंकडे पाहिलं. शरयूबाईंच्या हातात दशम्यांचा डबा होता आणि डोळ्यांत असं काही होतं की त्यांनी पटकन दुसरीकडे पाहिलं.

"सामान मागाहून ट्रकनं येईल," ते पुटपुटले, आणि गाडीत बसले.

"पोचलास की फोन कर," काका काचेतून ओरडले. "सोमवारी संध्याकाळपर्यंत आला नाही तर मी हायवे पोलिसांना कळवणार."

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत दोघंही हात हलवत होते. मग शरयूबाईंनी विचारलं, "कुठे चाललोय आपण?"

"पश्चिमेला," त्र्यंबकराव म्हणाले.

हायवेवरच्या एका विश्रांतीच्या थांब्यावर त्यांनी गाडी लावली. गाडीतच बसून दशम्या खाल्ल्या. कनूवर पाऊस पडत होता, त्याचा पोकळ आवाज येत होता. एक अमेरिकन गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. कनूकडे बघून त्यांनी विचारलं, "फिशिंगला का?" त्र्यंबकरावांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दिवेलागणीला ते घरी परतले. घरमालकीण मिसेस नोवाक दारातच होत्या. "काही विसरलं का?" त्यांनी विचारलं.

"जायचंच विसरलो," शरयूबाई इंग्रजीत म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दशम्यांचा डबा नारळांशेजारी ठेवला.

सोमवारी संध्याकाळी फोन करावाच लागला. पोलिसांची भीती नसती, तरी सुमित्राकाकूंची होती. काकूंची समजूत अशी की लांबच्या फोनवर ओरडावं लागतं, आणि जो ओरडत नाही तो लांब नाही. त्यामुळे त्र्यंबकरावांनी रिसीव्हर हातभर लांब धरला आणि ओरडले, "काकू, पोचलो."

"पोचलात? सुखरूप?" काकू पलीकडून त्याहून मोठ्यानं ओरडल्या. त्या दीड मैलावर राहत होत्या. रिसीव्हर नसता तरी कदाचित ऐकू आल्या असत्या. "हवा कशी आहे?"

त्र्यंबकरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ पडायला सुरुवात झाली होती. मग त्यांनी स्वतःकडे पाहिलं. स्वयंपाकघरात हीटर सुरू होता.

"आत्ता शर्टावर आहे मी," ते म्हणाले. खोटं बोलायचं नाही, एवढा त्यांनी मनाशी निश्चय केला होता.

नेमका त्याच वेळी रस्त्यावरून बर्फ सारणारा सरकारी ट्रक गेला. खडखड, घरघर, खालचं लोखंडी पातं रस्त्याला घासत. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

"हे काय वाजतंय रे, त्र्यंबक?"

त्र्यंबकरावांचा निश्चय तिथे संपला. "मोटरबोट," ते म्हणाले.

शरयूबाईंनी कपाळाला हात लावला. काकूंनी मात्र फोन ठेवला तो दुसरा नंबर फिरवण्यासाठीच. तासाभरात अकराव्या घरापर्यंत बातमी गेली की नोव्हेंबर संपत आला तरी त्र्यंबक शर्टावर आहे आणि दारातून मोटरबोटी जातात.

त्यानंतर बेहेरे पतिपत्नींचं जिणं चोरासारखं झालं. भाजी आणायला ते पलीकडच्या गावात जाऊ लागले. दुकानात कुणी साडीवाली दिसली की त्र्यंबकराव पावांच्या कपाटामागे सरकत. फोन वाजला की दोघं त्याच्याकडे बघत बसत. लायब्ररीत तर जाताच येईना, कारण तिथे शैलेंद्र यायचा. वाचायला काही नाही आणि फिरायला जागा नाही, म्हणून ते पुन्हा खिडकी ते कपाट आणि कपाट ते खिडकी अशा चकरा मारू लागले. वाटेत नारळ लागत.

"सांगून टाका," शरयूबाई रोज म्हणत.

"येत्या सोमवारी," त्र्यंबकराव रोज म्हणत.

डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी उत्तरेच्या मोठ्या सरोवरावरून ढग आले आणि एका रात्रीत कमरेइतका बर्फ टाकून गेले. सकाळी खाली गाडी दिसेना, नुसती एक गोल टेकडी दिसत होती. तिच्यापलीकडे हिरव्या कनूचं नाक तेवढं वर होतं. ड्राइव्हवे साफ करणं भाडेकरूचं काम होतं, आणि मिसेस नोवाक यांना दहा वाजता डॉक्टरकडे जायचं होतं. फावडं दिगंबरकाकांकडे. मशीन शैलेंद्रकडे. मीठसुद्धा वाटून टाकलेलं.

"परात देऊ का?" शरयूबाईंनी विचारलं.

त्र्यंबकरावांनी परात घेऊन पाहिली. ती वाकली. मग त्यांनी कनूतलं वल्हं काढलं. लोकरी टोपी कुणालातरी देऊन टाकली होती, म्हणून ओटीत आलेला एक जांभळा ब्लाउजपीस शरयूबाईंनी त्यांच्या डोक्याला कानांवरून बांधून दिला. अशा वेषात त्र्यंबकराव ड्राइव्हवेच्या मधोमध उभे राहून बर्फात वल्हं मारू लागले. एकीकडून उचललेला बर्फ वाऱ्यानं दुसरीकडे येऊन पडे. तरी ते नेटानं वल्हवत होते. त्यांना वाटलं, घराबाहेर पडायची हौस होती ना, ही घ्या.

तेवढ्यात फाटकाशी एक गाडी थांबली. मागचं दार उघडलं आणि ओळखीचं लाल मशीन खाली उतरलं. त्यामागून शैलेंद्र उतरला. त्यानं मशीन सुरू करायला दोरी धरली, वर पाहिलं, आणि दोरी तशीच हातात राहिली.

बर्फ पडत होता.

"त्र्यंबकराव," शैलेंद्र म्हणाला, "तुम्ही मिसूरीत आहात."

"नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

"मग काकूंना फोन?"

"इथूनच केला."

"आणि शर्ट?"

"घरात होता ना हीटर."

"आणि ती मोटरबोट?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. रस्त्याच्या टोकाकडून खडखड, घरघर करत ट्रक आला आणि जाता जाता त्र्यंबकरावांनी साफ केलेल्या हातभर जागेत पुन्हा गुडघाभर बर्फ लोटून गेला. त्र्यंबकरावांनी वल्ह्यानं त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "ही."

आता हा मांडीवर थाप मारणार, असं त्र्यंबकरावांना वाटलं. सोमवारपर्यंत अकरा घरं हसणार, मग न्यू जर्सीपर्यंत जाणार ही गोष्ट. त्यांनी डोळे मिटून घेतले. पण हसू ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर शैलेंद्र मशीनवर बसला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो काही थंडीनं नव्हता.

"मी तिकडे नोकरी घेतली," तो म्हणाला.

"कुठे?"

"मिसूरीला. कॉलेजात. तुम्ही माशाचं सांगितलंत ना, त्याच आठवड्यात मी अर्ज टाकला होता. कुणाला बोललो नाही. एवढा हसलो होतो तुम्हाला, बोलणार कुठल्या तोंडानं? ऑफर आली, तरी माझं ठरत नव्हतं. मग काकूंचा फोन आला, शर्ट आणि मोटरबोट. मी विनीताला म्हटलं, झालं, माणूस स्वतः तिथे जाऊन राहिलाय, आता कसला विचार. होकार कळवून टाकला. जानेवारीत जॉइन व्हायचंय." तो थोडा थांबला. "यार त्र्यंबकराव, त्या माशावर मी घर बदलतोय."

आपल्या बोलण्यावर विसंबून कुणी काही केल्याचं त्र्यंबकरावांना आठवत नव्हतं. त्यांनाच कधी आपल्यावर विसंबता आलं नव्हतं. ब्लाउजपीसच्या आत त्यांचे कान तापले.

"मासा मी मनानं घातला," ते म्हणाले. "पण बर्फाचे आकडे खरे आहेत. तीस वर्षांची सरासरी आहे. मी तीनदा पडताळून बघितलीय."

"तीस वर्षांची?"

"तीस."

शैलेंद्रनं हिशेब केल्यासारखं वर पाहिलं. डोळ्यांत बर्फ गेला. "सँपल चांगलंय," तो जरा बऱ्या आवाजात म्हणाला, आणि मशीनची दोरी ओढली. ड्राइव्हवे साफ होईपर्यंत दोघांचं ठरलं. शैलेंद्रनं वल्ह्याविषयी कुणाला सांगायचं नाही, आणि त्र्यंबकरावांनी माशाविषयी. बेहेरे मिसूरीला गेले होते आणि परत आले, एवढंच सांगायचं.

ठरवताना सोपं वाटलं होतं. पुढच्या शनिवारी दिगंबरकाकांच्या तळघरात त्याचे काटे बाहेर आले.

आधी शैलेंद्रनं आपली बातमी सांगितली, आणि सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली. मग काका त्र्यंबकरावांकडे वळले.

"पण काय रे त्र्यंबक, तू तीन आठवड्यांत परत कसा? हवा वाईट होती का?"

त्र्यंबकरावांनी शैलेंद्रकडे पाहिलं. शैलेंद्रनं डोळे मोठे केले. शेजारी विनीता कान देऊन बसली होती.

"नाही, नाही. हवा उत्तम."

"मग घर नाही मिळालं?" सुमित्राकाकूंनी विचारलं.

"घरं भरपूर आहेत." शैलेंद्रला घर हवंच होतं.

"माणसं वाईट?"

"फार चांगली."

"तळी-बिळी, फिरायच्या जागा?"

"जागोजाग."

"मग आलास कशाला परत?" काका चक्रावून म्हणाले. "सगळं एवढं चांगलं असून जो माणूस पळून आला, त्याच्या सांगण्यावरून या पोरानं तिकडे का जावं?"

विनीतानं नवऱ्याकडे पाहिलं. खोटं त्र्यंबकरावांकडे उरलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर शैलेंद्रचा होकार बुडत होता. त्यांनी चष्मा काढला आणि पुसू लागले. आता उठावं आणि सांगून टाकावं, असं ठरवून ते अर्धे उठलेही.

"मी आणलं परत," शरयूबाई म्हणाल्या.

त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "यांचं काही नाही. मला करमेना. शेंगा सोलायला बसले तर समोर कुणी नाही. काकू, तुमच्यासारखं ओरडून विचारणारं कुणी नाही. मीच म्हटलं, मला नाही राहायचं."

सुमित्राकाकूंनी उठून शरयूबाईंना कुशीत घेतलं आणि दोघींच्या मधे मेथीची जुडी चेंगरली. तळघरात नाकं ओढल्याचे आवाज आले. दिगंबरकाका खाकरून म्हणाले, "हे बाकी खरं कारण आहे." विनीताला धीर आला. तिला शेंगा सोलायची आवड नव्हती.

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "परत आल्याचं पहिलं जेवण माझ्याकडे."

म्हणजे पुन्हा अकरा घरं, पुन्हा पुरणपोळ्या. जेवायला गेलं की त्या त्या घरून आपापली वस्तू परत मिळत गेली. फावडं आलं, टायर आले, बुटांची जोडी आली, टोपी आली. ओट्याही पुन्हा भरल्या गेल्या, आणि पुस्तकांच्या कपाटाचा दुसरा कप्पाही रिकामा करावा लागला.

नव्या वर्षात शैलेंद्र निघाला तेव्हा निरोपाचं शेवटचं जेवण बेहेऱ्यांकडे झालं. जेवण झाल्यावर त्र्यंबकराव खाली गेले आणि त्यांनी कनू स्वतः शैलेंद्रच्या गाडीवर बांधून दिली. शैलेंद्रनं लाल मशीन गॅरेजमध्ये लोटलं. आता ते मावलं.

"पोचलो की फोन करतो," शैलेंद्र म्हणाला.

"ओरडून बोला," त्र्यंबकराव म्हणाले.

हिरवं नाक वळणापलीकडे गेलं. त्र्यंबकराव बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभे राहिले, मग वर आले. शरयूबाई ताटं आवरत होत्या.

"त्या दिवशी तू म्हणालीस ना, करमेना म्हणून," त्यांनी विचारलं. "ते माझी लाज राखायला?"

"छे."

"अगं, पण आपण गेलोच कुठे होतो?"

"न जाताच करमत नव्हतं मला," शरयूबाई म्हणाल्या. "कोजागिरीपासून. तुम्ही विचारलंत कधी?"

त्र्यंबकरावांनी विचारलं नव्हतं. तीस वर्षांची सरासरी त्यांनी तीनदा पडताळली होती, आणि ही एक गोष्ट एकदाही नाही. ते ताटं पुसायला लागले. पुसून झाली तरी पुसत होते.

फेब्रुवारीत एका दुपारी फोन वाजला. त्र्यंबकराव खिडकीपाशी नकाशांचं पुस्तक घेऊन बसले होते. ऑरेगनचं पान उघडं होतं, नुसतं बघायला. शरयूबाईंनी कपाटातला एक नारळ आणून त्या पानावर ठेवला होता. "फोडून द्या," एवढंच म्हणून त्या आत गेल्या होत्या.

"त्र्यंबकराव," पलीकडून शैलेंद्र ओरडला, "काय मस्त जागा आहे. आत्ता शर्टावर आहे मी."

"हो का?"

"अगदी. विनीताही खूष आहे. काकूंना सांगा. आकडे बरोबर होते तुमचे..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. त्याच्या मागे कुठेतरी खडखड, घरघर असा आवाज झाला, जवळ आला, काही लोखंडी जमिनीला घासत गेलं, आणि काचा थरथरल्या. त्र्यंबकरावांनी रिसीव्हर कानाला घट्ट धरला. तो आवाज ते झोपेतही ओळखू शकले असते.

"हे काय वाजतंय, शैलेंद्र?" त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं.

"मोटरबोट," शैलेंद्र म्हणाला.

"मजा आहे," त्र्यंबकराव म्हणाले. फोन ठेवून त्यांनी नकाशांचं पुस्तक मिटलं, नारळ उचलला आणि तो फोडायला स्वयंपाकघरात गेले.